मुक्ताने न घेतलेला शेअर

उज्जैनच्या मराठी मंडळींत मुक्ता सरमंडलचं नाव निघालं की त्याच्यामागून आकडा येतोच. "तिच्या हाताखाली अकरा हजार कोटी आहेत," कुणीतरी म्हणतं. दुसरा लगेच विचारतो, "सगळे तिचे?" मग समजावून सांगावं लागतं की पैसे लोकांचे, दरमहा थोडेथोडे भरलेले. ते कोणत्या कंपनीच्या शेअरमध्ये घालायचे आणि केव्हा काढायचे हे ठरवण्याचा मुक्ताला पगार मिळतो. एकोणपन्नास वर्षांची मुक्ता मुंबईच्या एका म्युच्युअल फंड कंपनीत शेअर विभागाची प्रमुख आहे.

तिचे वडील तात्या उज्जैनला नापतौल विभागात निरीक्षक होते. बाजारात जाऊन दुकानदारांचे काटे नि वजनं तपासायची आणि खोट निघाली की जप्त करायची, हे त्यांचं काम. शाळेला सुट्टी असली की मुक्ता त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जाई. तात्या दुकानदाराशी फार बोलत नसत. पारडं उलटं करून खालून बोट फिरवत. मेण, चुंबक, शिशाचा तुकडा, जे काही असेल ते तिथे चिकटवलेलं सापडे.

या नोकरीपायी घरात एकदा मोठी भानगड झाली होती. तात्यांची थोरली बहीण, मुक्ताची सुलू आत्या, हिच्या यजमानांचं देवास गेटजवळ किराण्याचं दुकान होतं. एका वर्षी तपासणीत त्याच दुकानाच्या काट्यात खोट निघाली आणि तात्यांनी काटा जप्त केला. आदल्या दिवशी नुसती कुणकुण लागू दिली असतीस तर काय बिघडलं असतं, एवढंच आत्याचं म्हणणं होतं. तीन वर्षं तिने भाऊबीजेला भावाला ओवाळलं नाही. तात्या मात्र दर वर्षी जात आणि ओसरीवर चहा पिऊन परत येत.

मुक्ता अभ्यासात बरी होती, फार हुशार नव्हती. बी.कॉम. उज्जैनलाच झालं. सीएसाठी इंदूरच्या एका ऑफिसात उमेदवारी मिळाली, तेव्हा ती रोज सकाळी देवास गेटहून साडेसहाची बस पकडायची. ऑफिसात कंपन्यांचे जुने वार्षिक अहवाल रद्दीत निघत. ती ते बसमध्ये वाचायला घेऊन येई आणि मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपांपासून सुरुवात करी. शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा सुटली. इंदूरच्या एका शेअर दलालाकडे दोन वर्षं काढून ती मुंबईला गेली, एका फंड कंपनीच्या संशोधन विभागात लागली. तिथेच केदारशी लग्न झालं. पस्तिसाव्या वर्षी पहिला फंड तिच्याकडे आला, चार वर्षांत दुसरा. त्यानंतर आली २०१५ची दिवाळी.

त्या वर्षी बाजारात अवंतिधारा फूड्स नावाच्या कंपनीचा बोलबाला होता. सोयाबीनचं तेल काढणारी, कारखाना उज्जैनपासून पस्तीस किलोमीटरवर. शेअर दोनशे दहाला होता आणि जवळजवळ सगळ्या मोठ्या फंडांनी तो घेऊन ठेवला होता. मुक्ताचे वरिष्ठ सुहास काणे तिला म्हणाले, "तुझ्याच गावची कंपनी आहे. आपण मागे राहतोय. दिवाळीला जातेच आहेस तर कारखाना बघून ये आणि घेऊन टाक."

ती गेली. कंपनीच्या माणसांनी गाडी पाठवली, डोक्यावर पिवळी टोपी घालून सगळा कारखाना फिरवला. यंत्रं नवी होती, फरशी पुसलेली होती. रोज पंधराशे टन सोयाबीन गाळतो, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर तिने हे तात्यांना सांगितलं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

"एका ट्रकमध्ये किती माल येतो?" तात्यांनी विचारलं.

"अठरा-वीस टन."

"म्हणजे रोज पंचाहत्तर-ऐंशी ट्रक. आणि आता तर ऐन हंगाम. वर्षभराचा साठा करायचा म्हणजे आणखीच जास्त. उद्या मोजू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. शेजारीच धर्मकाटा होता, येणारा प्रत्येक भरलेला ट्रक तिथे वजनाला थांबे. रात्री आठला फाटक बंद होई. पहिल्या दिवशी एकतीस ट्रक आले. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी चौतीस. टपरीवाल्याने सांगितलं, "इतनेच आते हैं, साब. इससे ज्यादा तो मैंने देखे नहीं."

मुक्ताने परत जायची वाट न पाहता सुहासना कळवलं की कंपनी सांगते त्याच्या निम्माही माल आत जात नाही आणि ती हा शेअर घेणार नाही.

त्याच आठवड्यात भाऊबीज होती. आत्याकडे सगळे जमले होते. आत्याचा मुलगा अभिजीत आता दुकान बघत होता. मुक्तापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण लहानपणापासून तिच्याच मागे मागे फिरलेला. त्याने तिला बाजूला घेतलं.

"ताई, अवंतिधारा ले लूँ क्या? सगळी नानाखेडा कॉलनी घेऊन बसलीय. तू काही बोलू नको, फक्त मान हलव."

"अभि, मला शेअरबद्दल बाहेर बोलता येत नाही. नोकरीचा नियम आहे आणि कायदाही आहे."

"मी थोडीच कुणाला सांगणार आहे?"

"तरी नाही. एकाच शेअरमध्ये सगळे पैसे घालू नये, एवढं मी कुणालाही सांगते."

अभिजीत हसला. "समझ गया," म्हणाला आणि फराळाचं ताट आणायला गेला. मुक्ताला वाटलं, सुटले.

पुढची दोन वर्षं तिला फार जड गेली. शेअर दोनशे दहाचा साडेपाचशे झाला. ज्यांच्याकडे तो होता ते फंड वर गेले, मुक्ताचे दोन्ही फंड यादीत तळाला आले. गुंतवणूकदार पैसे काढून न्यायला लागले. सुहास वाईट माणूस नव्हता. त्यांनी तिला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, "तू ट्रक बरोबर मोजले असशील. पण बाजाराला ट्रक बघायचे नाहीयेत. एक फंड मी तुझ्याकडून काढून घेतोय."

त्या उन्हाळ्यात ती उज्जैनला आली तेव्हा अभिजीतने नवी गाडी दाखवली. "तुझ्यामुळे, ताई," म्हणाला. नानाखेड्यातला प्लॉट विकून आलेले अठरा लाख त्याने अवंतिधारात घातले होते. गाडी त्या वाढलेल्या शेअरच्या जोरावर कर्जाने घेतली होती.

मुंबईला गेल्यावर मुक्ताने ऑफिसातल्या नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारलं, एका नातेवाइकाला सावध करता येईल का? एका ओळीचं उत्तर आलं: नाही.

तिने सावध केलं नाही.

२०१८च्या मे महिन्यात कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवसापासून शेअर रोज सकाळीच, एका दिवसात पडायची जी मर्यादा असते तिथे जाऊन अडकायचा. विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा एक नाही. अखेर तो एकतीस रुपयांवर येऊन थांबला. तेव्हा अभिजीतचा फोन आला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"त्या दिवाळीपासून. तू विचारलंस त्याच्या चार दिवस आधी."

फोन बंद झाला.

मुक्ताचे दिवस मात्र पालटले. अवंतिधारा नसलेले मोठे फंड चार-पाचच होते, त्यांत तिचा होता. काढून घेतलेला फंड परत मिळाला, वर्षभराने बढती मिळाली. एका हॉटेलात सत्कार झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. उज्जैनमध्ये तो शेजारच्या अलका काकूंनी कापून तात्यांना आणून दिला. तात्यांनी तो पुस्तकात ठेवला. आत्याकडे नेला नाही.

पुढच्या सुट्टीत तिने तात्यांना विचारलं, "मी चुकले का?"

"मला विचारू नकोस," तात्या म्हणाले. "त्या काट्याच्या वेळी मी बरोबर होतो की नाही, हे मला अजून माहीत पडलेलं नाही. सुलूताईने परत ओवाळलं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही."

अभिजीतने गाडी विकली. दुकानाच्या वर तीन खोल्या बांधल्या आणि महाकालच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना भाड्याने द्यायला लागला. नंतर गर्दी इतकी वाढली की तीनच्या सहा झाल्या, सहाच्या अकरा. बायको अश्विनी हिशेब आणि बुकिंग बघते, तो चादरींपासून नळांपर्यंत सगळं बघतो. सात वर्षांत त्याने मुक्ताला एकदाही फोन केला नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तर "बरी आहेस ना?" इतकंच.

यंदा सुलू आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आमंत्रणाचा फोन अभिजीतने स्वतः केला. "आई म्हणते, मुक्ता आलीच पाहिजे," म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता, "मी पण म्हणतो."

आत्याला दिव्यांनी ओवाळून झालं, पाहुणे जेवायला बसले. वाढणं संपल्यावर अभिजीत गच्चीवर मुक्ताशेजारी खुर्ची ओढून बसला.

"एक विचारू? त्या दिवशी तू गप्प बसलीस. मला वाटलं, तुझा फंड घेणार आहे, म्हणून बोलत नाहीस. म्हणजे हो."

मुक्ता त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि तू 'समझ गया' म्हणालास. मला वाटलं, घेऊ नको हे तुला कळलं."

"कमाल आहे, यार," अभिजीत म्हणाला.

खाली तात्या नि आत्या एकाच ताटलीतली बालूशाही वाटून खात होते.

"त्या प्लॉटवर आता कुणाचं तरी चार मजली हॉटेल आहे," अभिजीत म्हणाला. "येता-जाता दिसतं. राग येतो अजून, खोटं कशाला बोलू."

"यावा," मुक्ता म्हणाली. "मला पण येतो. स्वतःचाच."

"ठीक आहे." तो उठला. "अकरा नंबरच्या खोलीचा गिझर चालत नाहीये, बघून येतो. तू आज इथेच राहा. सात नंबर रिकामी आहे."

मुक्ताचं सामान तात्यांकडे होतं. जेवून तिकडे गेलेल्या केदारला तिने फोन करून बॅग इकडे आणायला सांगितलं.