शंभरचा बल्ब

कानाखाली अशी वाजली की क्षणभर काही दिसेना. चेअरमनसाहेबांची बाल्कनी. मुलुंडची सोसायटी, सहावा मजला, आणि दारात पाच-सहा शेजारी तमाशा बघायला.

"चोरटी! शंभरचा सांगून डुप्लिकेट गळ्यात मारलास!"

मी वायरमन. बाई असले तरी वायरमनच. आयटीआय केलेली. आदल्या दिवशी त्यांना पिवळ्या उजेडाचे दोन जुने तारेचे बल्ब आणून दिले होते. एक शंभर वॅटचा, एक चाळीसचा. लावले त्यांनी स्वतः. रिटायर्ड इंजिनियर ना! आणि आता चाळीसचा बरा पेटत होता, शंभरचा नुसता लाल.

माझी पिशवी त्यांनी लादीवर उपडी केली. पक्कड, टेस्टर, जेवणाचा डबा. डबा पायानं सरकवला. "तुमच्या जातीच्या रक्तातच आहे हे." दारातली एक बाई तर हसली मेली.

अंगाची लाही लाही झाली. वाटलं, पक्कड उचलावी आणि दात पाडावेत. खरंच वाटलं. पण इथं चोर ठरले असते, तर अख्ख्या मुलुंडात मला दार कोणी उघडलं असतं?

वायर बघितली. "साहेब, तुम्ही दोन्ही सिरीजमध्ये जोडलेत."

"मला शिकवतेस?"

"हो, शिकवते. एकामागं एक जोडले की दोघांतून करंट एकच जातो. चाळीसचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून पॉवर तोच जास्त खातो. शंभरचा उपाशी. घरात पॅरलल जोडायचं असतं, मग प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज."

मेन बंद केला. दोन्ही वेगवेगळे जोडले. मेन चालू करून बटण दाबलं. शंभरचा असा भडकला की साहेबांनी डोळ्यांवर हात धरला.

"बरं बरं, गैरसमज झाला. चहा सांगतो. जिन्यात बस."

जिन्यात! चोर नव्हते, तरी जिन्यातच. म्हणजे माझी चोरी बल्बाची नव्हतीच कधी. जन्माला आले, तीच.

आतून चहा आला. कप मी त्यांच्या पायाशी आपटला. "माफी मागा. ह्याच सगळ्यांसमोर."

"चालती हो!" त्यांनी ढकललं. दाराच्या कडीवर कोपर फुटलं.

तशीच रक्तानं भरलेल्या बाहीनं पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "मोठी माणसं आहेत ताई, मिटवून टाका ना."

खुर्ची ओढली. बसले.

"थप्पड लिहा. जातीवरून बोलले ते शब्दन्‌शब्द लिहा. दारात कोण कोण उभं होतं, ते पण लिहा. कॉपी हातात पडेपर्यंत मी इथून हलत नाही."