लढलं कोण?

जपानमधल्या हामामात्सू शहरातले न्हावी कुवाबारा दुकान बंद केल्यावर संगणकावर जुन्या सरदारांच्या युद्धाचा खेळ खेळू लागले. लढाई आली की ‘आपोआप’चं बटण दाबायचं आणि निकाल वाचायचा, एवढंच. एकदा बायको शिझुए चहा घेऊन आली, तेव्हा पडद्यावर त्यांचा किल्ला पडल्याची बातमी होती.

“अहो, पण लढलं कोण?”

“यंत्रानंच ठरवलं.”

“आणि तुम्ही बघितलंही नाही? कसले हो सेनापती!”

वरमून त्यांनी तीच लढाई पुन्हा स्वतः लढली. किल्ला याही वेळी गेला. पण पुलावर उभी केलेली भालेकऱ्यांची तुकडी हटली नाही, म्हणून बाकीचं सैन्य नदीपार निसटलं.

आता ते प्रत्येक लढाई स्वतःच लढतात. राज्य फारसं वाढलेलं नाही. शिझुए शेजारी खुर्ची ओढून बसते. “थांबा,” ती म्हणते, “त्या टेकडीमागे काय आहे, ते आधी बघू या.”