काकूंचा वडाभात आणि आमचं फंडिंग

परवा नागपूरच्या मनीषनगरमध्ये काही तरुण मंडळींनी गप्पा मारायला बोलावलं होतं. विषय होता, नवीन स्टार्टअपला पहिलं फंडिंग कसं मिळवायचं... बसतो न बसतो तोच एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या पिच डेकमध्ये किती स्लाइड्स होत्या?"

मला हसूच आलं. इन्व्हेस्टरपुढचं आमचं पहिलं पिच झालं ते तिथून हाकेच्या अंतरावर, बंद रेल्वे फाटकासमोर, माझ्या मैत्रिणीच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या जुन्या गाडीत! तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हता आणि फाटक एकदा पडलं की माणसाचं बरंच काही सांगून व्हायचं.

कंपनी दोघांची. मी आणि माझी इंजिनिअरिंगची मैत्रीण वैशाली. ऑफिस म्हणजे तिच्या घराची समोरची खोली. काका लवकर गेलेले, घरात काकू आणि वैशाली, दोघी मायलेकीच.

कळमन्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा माल विकून देणारे अडते असतात, त्यांच्यासाठी आम्ही ॲप बनवलं होतं. संत्र्याची गाडी कुठवर आली ते मोबाइलवर दिसायचं. दिसायचं एकदम झकास... पण फुकट देऊनही कोणी उघडून बघत नव्हतं.

त्यात वैशालीला पुण्याची नोकरी चालून आली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. त्याआधी कोणी पैसे घातले तर ती थांबणार, नाहीतर कंपनीला कुलूप, असं आमचं ठरलेलं.

आणि शुक्रवारी बंगळुरूहून एक मराठी इन्व्हेस्टर आले. सकाळी आले, संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होते.

आता आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी जेवण, मग काम. मी लॅपटॉप उघडला तर काकू कडाडल्या, "काहून गा, पाहुणा उपाशी बसून राहिला अन् तू काय टीव्ही दाखवून राहिला? बंद कर ते!"

मग बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, डाळीचे वडे कुस्करून घातलेला वडाभात, त्यावर हिंगाच्या फोडणीचं तेल, पुरणपोळी, वाटीभर तूप... आणि काकूंच्या आग्रहापुढे नको म्हणायची सोय नाही. पाहुणे दिवाणावर जरा टेकले आणि घोरायलाच लागले.

उठवायचं कसं? आम्ही दोघं स्लाइड्स उघडून त्यांच्या पायाशी बसून राहिलो. एक इंजिनिअर, दुसरी इंजिनिअर, आणि मिळून एका पाहुण्याला हलवायची हिंमत नाही! ते उठले तेव्हा एअरपोर्टला निघायची वेळ झाली होती.

शेवटी काकूंच्या गाडीतून त्यांना सोडायला निघालो, वाटेत ते फाटक पडलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, हे अडते तुम्हाला शेवटचे कधी भेटले? मी म्हणालो, फोनवर बोलणं होतं अधूनमधून...

"मी पैसे घालणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "राग मानू नका. पण ज्या घरात मला इतकं प्रेमाने जेवू घातलं, तिथे तुमचं गिऱ्हाईक एकदाही जेवलेलं नाही, याचं मला नवल वाटतं."

घरी कळल्यावर काकू भडकल्या. "एवढं खाऊन नाही म्हणला?" मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "जाऊ दे. डाळ हाये अजून घरात. बोलवा रविवारी त्या अडत्याइले."

रविवारी दुपारी तिघे आले. लॅपटॉप काढायचा नाही, अशी काकूंची सक्त ताकीद होती. त्यामुळे आम्ही नुसते वाढत होतो... आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे बघत होतो.

त्यांचे फोन थांबतच नव्हते. घास तोंडापाशी गेला की वाजलाच. पलीकडे गावाकडचा कोणी शेतकरी आणि प्रश्न एकच... माल विकला का, काय भाव गेला?

शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या शेठजींनी वैतागून फोन काकूंपुढे सरकवला. "वहिनी, माहे हात भरले. विकला म्हना त्याले!" काकूंनी फोन कानाला लावला, "विकला रे बाबू, विकला. तू जेवला का?"

सगळे पोट धरून हसले. मी आणि वैशाली हसलो नाही... आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. गाडी कुठे आहे याची काळजी इथे कोणालाच नव्हती. सौदा झाला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर आपोआप मेसेज गेला पाहिजे, बस!

हात धुताना वैशालीने शेठजींना तसं विचारलं. ते टॉवेल हातात धरूनच म्हणाले, "पोरी, हे बनवून दे. वर्षाचे पैसे मी आधीच देतो." बाकीच्या दोघांनीही तेच सांगितलं. आमचं पहिलं फंडिंग ते हे... बेसिनपाशी मिळालेलं.

पुढे इन्व्हेस्टरही आले, डेकही झाले. म्हणून परवा त्या मुलीला एवढंच सांगितलं, स्लाइड्स नंतर कर, आधी गिऱ्हाईकाला घरी जेवायला बोलाव. आणि ते जेवत असताना गप्प बस.

पण एक गोष्ट तिथे बोलता आली नाही. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं आनंदाने नाचत होतो आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पैसे किती, काम काय, काहीच विचारलं नाही. दोन दिवस चुलीपुढे उभं राहिलेल्या त्या बाईने फक्त एवढंच विचारलं...

"मंग आता जात नाही नं वं तू पुण्याले?"

काकू आता नाहीत. वैशाली इथेच आहे, काकू.