रिकामा खिळा

कोपऱ्यावरच्या टपरीच्या खिळ्याला सुंभाची जळती दोरी लटकलेली असायची. सिगारेट ओठांत धरून जो तो तिच्यापुढे वाकायचा. देवळात न वाकणारी मानही इथे वाकायची. मीही वीस वर्षं वाकलो. आज सवयीने वाकलो, तर समोर नुसता खिळा.

"दोरी कुठे गेली, अण्णा?"

"विझवली," टपरीवाले अण्णा म्हणाले. "विडी-सिगारेटही बंद केली. हिला धाप लागते. डॉक्टर म्हणाले, धुराने फुप्फुसं गेली. आयुष्यात एक झुरका घेतला नाही हो हिने."

मागे स्टुलावर बसून वहिनी पेरू कापत होत्या. दर दोन फोडींनंतर सुरी खाली ठेवून श्वास गोळा करत होत्या. इतकी वर्षं त्या तिथेच बसायच्या, आणि आम्ही त्यांच्यासमोर धूर सोडत त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो!

पुढच्या चौकातल्या टपरीवर दोरी अजून जळते आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ओठांतली सिगारेट मी अण्णांसमोरच चुरगाळली.

"खिळा मात्र उपटू नका, अण्णा," मी म्हणालो. "उद्या पुन्हा वाकलोच, तर तो कपाळाला टोचला पाहिजे."