सुदाम पळाला नव्हता

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायको होती तोवर तिच्यापाशीही नाही. देवळात जात होतो, पण तिथं मी डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत असे. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ऐकता ऐकता माझी कीव येऊ लागली तर तिथंच उठून जा. मला ती नको.

मी सुदामचा द्वेष करायचो. राग नव्हे — राग उतरतो. तो नागपूरच्या गांधीबागेत आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसला की मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभा राहायचो. मी ठोक कापडाच्या दुकानात देखरेखीला होतो. फौजेतून आलेला माणूस, पदक मिळालेला — म्हणून मालक मला गिऱ्हाइकांपुढे उभा करायचा. आणि हा कामठीहून यायचा. मागावर काम करून बोटं सोललेली, अंगात धुतलेला पांढरा सदरा. पायऱ्यांखाली चपला काढायचा. काढायला कोणी सांगितल्या होत्या त्याला? त्या चपलांचाही मला संताप यायचा.

तो काय मागत होता? फार नाही. त्याच्या फौजेच्या कागदांवर एक लाल शाईची नोंद होती — हुकूम नसताना मोर्चा सोडून गेला. म्हणजे पळाला. त्या नोंदीमुळे त्याला शिक्षा झाली, लवकर घरी पाठवलं गेलं. गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणूनसुद्धा कोणी ठेवून घेईना, कारण आधी फौजेतून सुटल्याचं डिस्चार्ज बुक उघडून पाहायचे. ती नोंद काढा, म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत होता. आणि एका जखमी माणसाला त्या दिवशी वाचवलं, त्याची दखल घ्या, एवढंच. दर वेळी उत्तर यायचं की तिथं हजर असलेल्याची साक्ष आणा. तिथं हजर कोण होतं? मी.

"वामनभाऊ, तुमी फक्त खरं सांगा," तो म्हणायचा. "तुमाले काही होऊ देणार नाही मी. लढाईच्या गडबडीत चूक झाली म्हणू. माही पोरगी शाळेत जाते, तिले पोरं म्हणतात, तुहा बाप पळपुटा आहे."

"काहून येऊन राहिला बे इथं?" मी दुकानभर ऐकू जाईल असं ओरडायचो. "पळाला तवा लाज नाही वाटली?"

नोकर हसायचे. तो चपला घालून जायचा. आणि काही महिन्यांनी पुन्हा यायचा. पुन्हा! कुठल्या मातीचा बनला होता तो? एकदा जरी त्याने माझी गचांडी धरली असती — पण नाही. तो मला 'भाऊ'च म्हणत राहिला.

तुम्ही विचाराल, त्या दिवशी झालं काय? सांगतो. मी अजून तिथं पोचायला घाबरतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पासष्टची लढाई. पंजाबातलं एक शेत, उसाचं, अर्धं जळलेलं. दुपार. मशीनगनच्या खड्ड्यात आम्ही दोघं — मी लान्स नायक, म्हणजे हुकूम माझा, आणि सुदाम. दोघंही नागपूरकडचे, म्हणून पलटणीत आम्हाला जोडीनेच ठेवायचे. खड्ड्याच्या पुढे उसात आमचा हवालदार पडला होता. पहाडी माणूस, चार दिवसांपूर्वीच बदलून आलेला, नावही नीट माहीत नव्हतं. पायावर गोळा पडला होता. तो आईला हाका मारत होता — मोठा मिशीवाला माणूस, लहान पोरासारखा.

सुदाम म्हणाला, "जाऊ का? घेऊन येतो त्याले."

मी म्हणालो, "जा. मी गन सांभाळतो."

हे माझे शब्द. मी बोललो. पाठवलं मीच.

तो सरपटत उसात गेला. मग आणखी एक गोळा पडला, अगदी जवळ, तोंडात माती गेली. आणि मी — मी गन सोडली आणि मागे पळालो. मागच्या नाल्यात जाऊन डोकं गुडघ्यात घालून बसलो. मला लघवी झाली होती. ती वाळायची मी वाट पाहत होतो.

गोळे थांबल्यावर परत आलो तर खड्ड्याच्या कडेला मेजरसाहेब उभे. गन तशीच, माणूस नाही. कोण होतं इथं, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं — सुदाम होता, साहेब. मी दारूगोळा आणायला गेलो होतो. तो न विचारता पळाला.

विचार करायलाही वेळ घेतला नाही मी. तुम्हाला वाटतं, माणूस खोटं बोलायच्या आधी थोडा तरी अडखळत असेल? मी नाही अडखळलो.

सुदामने हवालदाराला पाठीवर घेऊन दुसऱ्याच पलटणीच्या दवाखान्याच्या तंबूपर्यंत नेलं होतं. परतला तोवर त्याला धरायला माणसं उभी होती. हवालदार बेशुद्धीतच लांबच्या इस्पितळात गेला. संध्याकाळी पुन्हा चकमक झाली, तेव्हा मात्र मी गन चालवली, हे खरं. पण एकट्याने, साथीदार पळून गेलेला असताना चालवली — असं लिहिलं गेलं. पदक मिळालं ते त्यासाठी.

पुढे कामठीच्या छावणीत एकदा त्याच्या अर्जाची सुनावणी लागली. मला बोलावलं. मी पदक लावून गेलो. शपथ घेतली, आणि तेच बोललो. तेवढ्यावर थांबता आलं असतं. थांबलो नाही. म्हणालो, हा आधीपासूनच भित्रा होता, साहेब, रात्री पहाऱ्यावर रडायचा. ही गोष्ट कुठून काढली मी? कोणी विचारलीही नव्हती.

बाहेर त्याची बायको शांता उभी होती. ती माझ्यासमोर आली. "भाऊ, आमी तुमचं काय वाईट केलं होतं? सांगा ना."

मी तिला म्हणालो, "तुमच्या लोकायले सारं फुकटच पाह्यजे. आता पदकही पाह्यजे का?"

तिच्या सासऱ्याने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हे मला ठाऊक होतं. मला नेमकं तिथंच मारायचं होतं. खंदकात त्याच्या डब्यातलं खाल्लं होतं मी. ते आठवत असताना बोललो.

मग मला वाटलं, संपलं. पण सुदामने जुन्या माणसांना विचारत विचारत तो हवालदार शोधून काढला. मी तर तो मेलाच असं धरून चाललो होतो. तो आला — एका पायावर, कुबड्या घेऊन, आगगाडीने, इतक्या लांबून. त्याने साक्ष दिली. याच पोराने मला उचललं. गन की तरफ देखा मैंने, म्हणाला, उधर कोई नहीं था. मला पुन्हा बोलावलं. मी म्हणालो, आता काही आठवत नाही.

लाल नोंद खोडली गेली. बक्षीस मात्र नाही — मुदत टळून गेली, असं कळवलं. मला कोणी काही केलं नाही. पदक परत मागायलाही कोणी आलं नाही.

सुदाम शेवटचा दुकानात आला तो तेव्हा. या वेळी चपला न काढताच वर चढला. मला वाटलं, आता मारतो. मी कात्री हाताशी ओढली.

"काही मागाले नाही आलो," तो म्हणाला. "तुमचं तोंड पाहाले आलो."

आणि पाहत राहिला. नोकर, गिऱ्हाइकं, सगळी बघत होती. मग गेला. मी हसून म्हणालो, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. दुकानाने ते मान्य केलं.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. कामठीत माजी सैनिकांनी शोकसभा ठेवली. तिथल्या नव्या माणसांना जुनं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला बोलावून घेतलं — एका खंदकातले तुम्ही, दोन शब्द बोला. समोरच्या ओळीत शांता होती, शेजारी तिची मुलगी. मी उभा राहिलो. सांगायला याहून सोपी जागा कोणती होती? एकच वाक्य होतं.

मी म्हणालो, "सुदाम स्वभावाने फार चांगला माणूस होता."

शांताने मुलीचा हात धरला आणि दोघी उठून बाहेर गेल्या. मी आणखी थोडं बोललो. पलटणीतल्या जेवणाची एक गंमत सांगितली. लोक हसले. मग मी खाली बसलो. कोणीतरी चहा दिला, तो प्यालो.