मनोरा गप्प होता तेवढ्यात

पिंपळगाव राजात भालचंद्र सरांचं घर कुणीही दाखवील. ज्याच्या गच्चीपासून लिंबाच्या झाडापर्यंत वीस मीटर तार ताणलेली, ते. शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस हौशी रेडिओचा परवाना काढून रोज संध्याकाळी पाचला हवेशी बोलतो. पलीकडे रायपूरचे गुलाबराव. मूळचे मेहकरचे. बावीस वर्षांची मैत्री, पण फोन एकदाही नाही, कारण फोनवर काय कुणीही बोलतं, असा दोघांचा तोरा.

श्रावणातल्या त्या दिवशी वानरांनी तार तोडली, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी गुलाबरावांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. पाच वाजता शेवटचं बोलायचं ठरलं होतं, तेही हवेतूनच.

सरांनी नवी तार बांधली, मीटर लावलं. तारेचा इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पन्नास ओहमच्या आसपास आला की मशीनची ताकद हवेत जाते, नाही तर आल्या पावली परतते. पण गावाबाहेर रेडिओ केंद्राचा मनोरा आहे. मीटर बिचारं चिमूटभर वीज सोडतं, अन् मनोऱ्याची ताकद त्याच तारेतून त्याच्यात बदाबदा उतरते. आकडा कधी तीस, कधी नव्वद. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाईत ते मीटरवर विसंबले आणि तार हातभर कापून बसले. आकडा आणखी बिघडला.

सरांच्या पत्नी प्रतिमावहिनी चहा घेऊन गच्चीवर आल्या. त्यांचा छोटा रेडिओ पदराशी असतोच. गाणं लागलं होतं. त्या बराच वेळ मीटरकडे बघत राहिल्या.

"अहो, हा आकडा गाण्यासंगं हालून राह्यला," त्या म्हणाल्या. "तीनले रेडिओची दुपारची सभा संपते. मनोरा झोपू द्या, मंग मोजा."

तीन वाजता निवेदिकेनं निरोप घेतला आणि रेडिओत नुसती खरखर उरली. सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं. कपाशीवरून ढगांची सावली सरकत होती. मीटरचा आकडा पहिल्यांदाच स्थिर उभा राहिला. सरांनी कापलेला तुकडा पुन्हा जोडला, डाग दिला, मोजलं. अठ्ठेचाळीस. खाली उतरायचंही त्यांना सुचेना. दोघं तिथंच बसून ढग बघत राहिले.

पाचला मनोरा जागा झाला, पण त्याची अडचण मोजण्यापुरती होती, बोलायला नव्हती. गुलाबराव स्वच्छ ऐकू आले. आणि सरांनी काय बोलावं? वानरं, मीटर, कापलेली तार, अठ्ठेचाळीस! गुलाबराव पोटभर हसले, आणि तेवढ्यात ठरलेली वेळ संपली. रात्री सर वहिनींना म्हणाले, "त्याले काही बोलूच देलं नाही मी." वहिनींनी हे शेजारी म्हणून मला सांगितलं, तेव्हा मला सरांचा रागच आला होता.

पुढे महिनाभर पाच वाजता नुसती खरखर यायची. सर तरी समोर बसून राहायचे. एका संध्याकाळी तिच्यातून बारीक टिकटिक आली, मोर्सची, थांबत थांबत. सर एकेक अक्षर कागदावर लिहीत गेले.

आज आकडा किती?

सरांनी माइक उचलला. "अठ्ठेचाळीस," ते म्हणाले, आणि पुढची अक्षरं लिहायला कागद जवळ ओढला.