नव्या तबकडीतले घुंगरू

आवाज नावाची गोष्ट देवानं आपल्या एकट्यासाठी निर्माण केली आणि बाकीची दुनिया ती परवानगी न घेता वापरते, असं माझ्या बायकोच्या धाकट्या काकांचं प्रामाणिक मत आहे. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये त्यांनी उभी हयात मिस्त्री म्हणून काढली. सगळी यंत्रं एकदम धडधडत असताना नेमकं कोणतं बेअरिंग कोरडं पडलंय, हे ते मिलच्या फाटकातून, सायकलवरून न उतरता सांगत. निवृत्त झाल्यावर यंत्रं सुटली, कान तेवढा सोबत घरी आला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. काकाजी मात्र अंगणात उभ्या केलेल्या माझ्या मोटरसायकलपाशी गेले, ती सुरू करायला लावली, डोळे मिटून मिनिटभर ऐकली आणि आत येऊन म्हणाले, "पोरगी द्या. गाडी चांगली ठेवली आहे यानं." या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. अजूनही मी शहापूरहून तुमसरला पोचलो, की फाटकाला हात लावायच्या आधी आतून आवाज येतो, "जवाई, चेन ढिली झाली जी."

त्यांच्या मधल्या खोलीत भिंतीला लागून जुन्या गाण्यांच्या तबकड्या उभ्या लावलेल्या आहेत. काकाजी त्यांना तवे म्हणतात. तवे एकावर एक आडवे रचणारा माणूस त्यांच्या मते काहीही करू शकतो. आठवड्यातून एकदा हे तवे गाळलेल्या पाण्यानं धुतले जातात, काकूंच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपले जातात आणि सावलीत बाजेवर पापडांसारखे वाळत पडतात. काकूंच्या खऱ्या पापडांना त्या दिवशी जागा नसते. गाणं सुरू असताना पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा बंद. आमच्याकडचा मे ज्यानं काढला आहे त्यालाच यातली भक्ती कळेल. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत चहा नाही, कारण कपबशी वाजते. एकदा ऐन आलापात मला शिंक आली. ती नाकात धरून मी अंगणात गेलो, तिथे शिंकलो आणि परत येऊन बसलो. काकाजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

अशा सुखी माणसाच्या आयुष्यात कंपन्यांनी माती कालवली. जुन्या, गाजलेल्या तबकड्या त्या हल्ली पुन्हा नव्यानं काढू लागल्या. तीच गाणी, तेच कव्हर, तबकडी उलट जास्त जाड आणि चकचकीत. दुसरा कुणी खूश झाला असता. काकाजींनी भिंग घेऊन कव्हरच्या मागचा बारीक मजकूर वाचला, पुण्याच्या लेकीला फोन करून इंटरनेटवर शोधायला लावलं, आणि त्यांना कळलं की ही गाणी मूळच्या टेपवरून थेट तबकडीत उतरलेलीच नाहीत. मधे त्यांचे आकडे करून ती कम्प्युटरमध्ये भरली होती, आणि त्या डिजिटल प्रतीवरून हे नवे तवे काढले होते. "म्हंजे आधी धानाचे पोहे कांडले," काकाजी म्हणाले, "आन् मग ते पोहे चिकटवून परत धान बनवलं. असं धान कोणी वावरात पेरंल काय जी?"

या सवालाला जवाब देणारा जिल्ह्यात एकच माणूस होता. आंधळगावचे सर, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, काकाजींचे जुने मित्र. दर रविवारी सकाळच्या बसनं ते तुमसरला यायचे, आणि वाद घालून संध्याकाळच्या बसनं परत जायचे. "मिस्त्री," सर समजावत, "माणसाच्या कानाले एक मर्यादा आहे. त्या मर्यादेपर्यंतचं सगळं आकड्यांत बरोबर उतरते. बाकीचं तुमच्या मनात वाजते."

"मन नाई वाजत सर. तवा वाजते."

हे सहा वर्षं चाललं. एकदा तर बस सुटली तरी काकाजी खिडकीचा गज धरून सोबत चालत होते आणि सर आतून डिजिटल म्हणजे काय ते सांगत होते. कंडक्टरनं डोक्याला हात लावला. घरी काकू म्हणाल्या, "मले सवत आली असती तं ती तरी घरकाम करू लागली असती."

गेल्या दिवाळीच्या आधी काकाजींच्या वाढदिवसाला लेकीनं मोठ्या हौसेनं एक तबकडी पाठवली. एका ठुमरी गायिकेची, त्यांची सगळ्यात लाडकी. पण नव्यानं काढलेली. मूळची त्यांच्याकडे तरुणपणापासून होती. लेकीला फोनवर ते "लय छान वाजते बेटा" म्हणाले आणि ती न वाजवताच फळीवर ठेवून दिली. सरांनी ते पकडलं. "न ऐकता नाव ठेवता? परीक्षा द्या."

परीक्षा दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी झाली. काकाजी भिंतीकडे तोंड करून बसले, डोळ्यांवर दुपट्टा बांधला. मी परीक्षक. एकच गाणं, कधी जुन्या तबकडीवरचं, कधी नवीवरचं, मनाला येईल तसं मी लावत होतो. काकाजी म्हणायचे, "जुनी." मग, "नवी." परत "नवी." दहा वेळा लावलं, दहाही वेळा बरोबर. माझी बायको तर टाळ्याच वाजवू लागली. "मले बी समजलं थोडं," ती म्हणाली, "सुरुवातीचे घुंगरू जुनीत कसे मऊ वाजतात, नवीत टोचतात."

"कोणते घुंगरू?" सरांनी विचारलं.

हार मानायची ही सरांची तऱ्हा समजून आम्ही सगळे खो खो हसलो. सरही हसले, पण जरा उशिरा. त्या दिवशी ते चहाला थांबले नाहीत.

पुढच्या रविवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की सरांच्या पत्नी उचलत आणि "ते बाहेर गेले" म्हणत. काकाजींची अवस्था बघवेना. सहा वर्षांची लढाई जिंकलेला माणूस रविवारभर फाटकाकडे बघत बसलेला. चौथ्या शनिवारी मला फोन आला. "जवाई, उद्या गाडी घेऊन या. आंधळगावले जाचं आहे. मी लबाडी केली."

मला काही कळेना. रविवारी सकाळी त्यांनी सांगितलं. नवी तबकडी जाड, म्हणून जड. प्लेअरवर ठेवताना जुनी हलकेच टेकायची, नवी थप्पकन बसायची. आयुष्यभर यंत्रांत घालवलेल्या कानाला तेवढं पुरे होतं. "गाणं सुरू व्हायच्या आधीच मले समजे. पहिल्या दोन-तीन वेळा गाण्यातला फरक शोधला मी. मंग आयकलंच नाई." ते खाली बघत म्हणाले, "त्या माणसाले वाटलं असंल, याचे कान खरे, आपलं विज्ञान खोटं. म्हून येऊन नाई राहिला."

पेटीसारखा मिटणारा त्यांचा लहान प्लेअर त्यांनी मांडीवर धरला, दोन्ही तबकड्या पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली आणि आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. एवढ्या वाटेत त्यांनी माझ्या गाडीबद्दल एक शब्द काढला नाही, तेव्हा त्यांना किती लागलं आहे ते मला कळलं.

सर ओसरीत पेपर वाचत होते. आम्हाला बघून उठले. काकाजींनी चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "सर, मी गाणं आयकून नाई ओळखलं."

"काय?"

"गाणं आयकून नाई ओळखलं जी, तव्याच्या वजनानं ओळखलं!"

"कोणाचं वजन?"

काकाजींनी छातीत हवा भरली आणि आपला गुन्हा अशा आवाजात कबूल केला, की समोरच्या घरातली म्हातारी सूप हातात घेऊन बाहेर आली. तेव्हा कुठे सरांनी खिशातून एक लहानशी डबी काढली, तिच्यातलं कानाचं मशीन कानात बसवलं आणि म्हणाले, "आता बोला, मिस्त्री. हळू बोला."

सर रागावले नव्हतेच. त्या दिवशी त्यांना घुंगरू ऐकूच आले नव्हते. जुन्या तबकडीतले नाहीत, नवीतलेही नाहीत. भंडाऱ्याला डॉक्टरनं तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज कधीचेच गेले आहेत, बाकीचेही हळूहळू जातील. "सहा वर्षं तुम्हाले सांगून राहिलो, फरक नाही म्हणून," सर म्हणाले. "ज्याले घुंगरू ऐकू येत नाही, त्यानं फरकावर बोलावं कशाले? कोणत्या तोंडानं येऊ?"

काकाजींनी खाली मांडी घालून प्लेअर उघडला, जुनी तबकडी लावली. सरांनी लगेच कानावर हात नेला. "कानात लाह्या फुटून राहिल्या नुसत्या." जुन्या तबकडीची ती खरखर काकाजींना जीव की प्राण, आणि मशीनमधून सरांना तेवढीच ऐकू येत होती. काकाजींनी सुई उचलली. पिशवीतून नवी काढली. क्षणभर ती हातात तशीच धरली, मग लावली.

सर मान तिरपी करून ऐकत राहिले. "थांबा," ते एकदम म्हणाले. "आत्ता... छन् वाजलं काय काहीतरी?"

"घुंगरू ते."

"पुन्हा लावा."

काकाजींनी सात वेळा लावली. ज्या नव्या तव्यांशी काकाजी सहा वर्षं भांडले, त्यांचं टोचणंच तेवढं सरांच्या कानापर्यंत पोचत होतं. परत येताना मोहाडी मागे पडली. मग काकाजी पाठीमागून म्हणाले, "मले अजून सगळं आयकू येते, जवाई. नको ते बी आयकू येते. त्यातलं थोडं काढून त्याले देता आलं असतं तं..."

आता दर रविवारी बसनं काकाजीच आंधळगावला जातात. लेकीकडून त्यांनी आणखी चार नव्या तबकड्या मागवल्या. ती चकित झाली, त्यांनी कारण सांगितलं नाही. मागच्या महिन्यात मी सोबत होतो. सरांचं ऐकणं आणखी कमी झालं आहे. ओसरीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि ठुमरी सुरू होत होती.

"आले?" सरांनी विचारलं.

काकाजींनी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि अगदी हलके हलके ठेका धरला. "आले जी," ते म्हणाले. "हे पाहा, आत्ता आले."

सरांनी डोळे मिटले.